स्टूल रिपोर्टमध्ये जिआर्डिया – टाकीच्या पाण्याबद्दल

ए-२०३ : छोट्याचे जुलाब आठवडा झाला तरी थांबत नाहीयेत, एक दिवस बरं वाटतं की परत सुरू, तेलकट आणि घाण वास, फ्लश केलं तरी तरंगतं. आज रिपोर्टमध्ये जिआर्डिया, म्हणजे आतड्यातला परजीवी जंतू, आलंय. अजून कुणाकडे असा त्रास आहे का?

सी-५०१ : आमच्या पिल्लूला पण गॅस आणि पोटदुखी चालूय वहिनी 😟 परवाची पाणीपुरी बाधली असं वाटत होतं

बी-१०४ : टँकर चालू झाल्यापासूनचं आहे हे. टाकीत क्लोरीन डबल टाकायला सांगा.

बी-३०२ : काका, क्लोरीन हवंच, बॅक्टेरिया त्याने मरतात, पण जिआर्डियाच्या सिस्टला, म्हणजे त्याच्या सुप्त रूपाला, कवच असतं, आपण टाकीत टाकतो तेवढ्याने ती मरतीलच असं नाही. त्याच्यासारखाच दुसरा परजीवी क्रिप्टोस्पोरिडियम तर नीट क्लोरीन असलेल्या स्विमिंग पूलमध्येसुद्धा ७ दिवसांच्या वर जगतो. त्याच्यामुळेच १९९३ ला अमेरिकेत मिलवॉकीला नळाच्या पाण्यातून ४ लाखांवर लोक आजारी पडले होते, तेही फिल्टर प्लांटमधून आलेलं पाणी. लॅबमध्ये रोज स्टूल बघते म्हणून कळकळीने सांगतेय. प्यायचं पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या, २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडला जीबीएसची (हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) साथ आली तेव्हा सगळे उकळत होतो की, मग का सोडलं? आणि प्यूरिफायर असला तरी ब्रश करताना चूळ टाकीच्याच पाण्याची, कोथिंबीर काकडी त्यातच धुतो, तिथूनही जातं पोटात, १० सिस्ट गेल्या तरी पुरतं.

बी-३०२ : पाणीपुरीचं म्हणाल तर लक्षणं दिसायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, त्यामुळे परवाचं नाही, त्याआधीचं आठवा. ट्रेकला टाक्याचं किंवा ओढ्याचं पाणी प्यायलात का, पोहताना पाणी गिळलं का, मूल पाळणाघरात जातं का. डायपर बदलणाऱ्यांना पण धोका असतो, हात साबणानेच धुवा, सॅनिटायझरवर विसंबू नका. आणि जुलाब चालू असलेल्या मुलांना प्लीज पूलमध्ये सोडू नका, बाकीच्या सगळ्यांची पोरं त्यातच असतात.

ए-२०३ : मोठीला काहीच होत नाहीये, तिची टेस्ट करू का?

बी-३०२ : डॉक्टरांना विचारा वहिनी, लक्षणं नसतानाही शौचातून सिस्ट पडू शकतात. छोट्याला काही दिवस दूध पचणार नाही कदाचित, घाबरू नका, बऱ्याच जणांना होतं तसं.

बी-१०४ : मग टाकी धुवून घ्यायचीच. ड्रेनेजची लाईन टाकीच्या अगदी शेजारून जाते, प्लंबरला तेही बघायला लावतो.

सी-५०१ : ताई आमचा मागच्या आठवड्याचा रिपोर्ट नॉर्मल होता, मग हे नसेल ना?

बी-३०२ : एका सॅम्पलवर सांगता येत नाही, सिस्ट रोज पडत नाहीत. वेगवेगळ्या दिवसांची तीन सॅम्पल द्या. डबी मेडिकलमध्ये मिळेल, लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका आणि लवकर पोचवा.