सगळे उपाय थकले तेव्हा तुम्ही देवाला काय म्हणालात?

संकटातून सुटलेल्यांच्या गोष्टी आपण आवडीने ऐकतो. शेवट गोड झालेला असतो, म्हणून त्या सांगवतातही. पण निकाल लागायच्या आधीचा काळ असतो ना, डॉक्टर 'बघू या' एवढंच म्हणतात, घरचे एकमेकांची नजर चुकवतात, त्या काळात देवावर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे फारसं कोणी बोलत नाही. मला तेच ऐकायचं आहे. प्रार्थना फळाला आली असो वा नसो, लिहा. देव कोणताही असो. औषधं, कर्ज, माणसांची मदत हेही गाळू नका. मदतीला आलेला हात आणि देव यांत मी तरी भेद करत नाही. विनंती एकच: कोणाच्या दुःखावर 'देव परीक्षा घेतो' असा शेरा मारू नका.

एक आई

माझी मुलगी अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मली. इतक्या लवकर आलेल्या बाळाच्या फुप्फुसांत सरफॅक्टंट नावाचा पदार्थ पुरेसा तयार झालेला नसतो. तो नसला की श्वास सोडताना आतल्या हवेच्या बारीक पिशव्या मिटून जातात. तो नळीतून आत सोडला, व्हेंटिलेटर लावला. मला सगळं नीट समजावलं होतं. तरी काचेपलीकडे ती दिसली की लहानपणापासून पाठ असलेलं एकही स्तोत्र आठवेना. सुरुवात करायचे आणि दुसऱ्या ओळीला अडकायचे. देवाशी बोलायचंही आता राहिलं, याचीच जास्त भीती वाटली.

ती जरा स्थिर झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "छातीशी घ्या हिला, कातडीला कातडी लागू दे." कांगारू केअर म्हणतात याला. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीलाच बांधायला सुरुवात केली. आज ही पद्धत जगभर वापरतात. यंत्रं संपली तिथून ती निघाली, हे वाचलं त्या दिवशी मी खूप रडले.

मग तासन्‌तास ती माझ्या छातीवर असायची. मॉनिटरवरचा आकडा खाली गेला की तिच्या पाठीवरून बोट फिरवायचे आणि "आहेस ना?" एवढंच म्हणायचे. हे तिला विचारत होते की देवाला, ते मलाही सांगता येणार नाही. दुसरी प्रार्थना मी केलीच नाही.

आता ती शाळेत जाते. जाड चष्मा आहे, धावली की लवकर दमते. त्या वॉर्डातली सगळीच बाळं घरी गेली नाहीत. त्यांच्या आयांची श्रद्धा माझ्यापेक्षा कमी पडली असं कोणी म्हणालं, तर मी ऐकून घेणार नाही.

धंदा बुडालेला

थोडक्यात सांगतो. ज्यांचे पैसे द्यायचे होते ते दारात येऊ लागले होते. मी देवाकडे पैसे मागितले नाहीत, उद्याचा फोन उचलायची हिंमत मागितली. फोन उचलत गेलो, हप्ते बांधून घेतले. फेड अजून चालू आहे.

पत्नी गमावलेला एक जण

वरच्या विनंतीबद्दल मनापासून आभार. माझी बायको कॅन्सरने गेली. ती वाचेल असा शेवटच्या रात्रीपर्यंत विश्वास होता. नंतर लोक सांत्वनाऐवजी कारणं घेऊन आले.

बायबलमधल्या इयोबाच्या कथेत, त्याच्यावर संकटं कोसळल्यावर मित्र त्याला भेटायला येतात. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, चकार शब्द काढत नाहीत. मग बोलायला लागतात, तुझंच काहीतरी चुकलं असणार म्हणतात, आणि तिथे सगळं बिघडतं. शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवर. माझ्याविषयी खरं बोलला तो इयोब, असं देव सांगतो, आणि इयोबाने तर देवाला जाब विचारला होता! हे कळल्यापासून मी देवाशी मोकळेपणाने भांडतो. ज्याच्यावरचा विश्वास उडाला त्याच्याशी भांडायला कोण बसेल?

दारूच्या घरातली मुलगी

बाबा अजून पितात. अल-अ‍ॅनॉन हा व्यसनी माणसांच्या घरच्यांचा गट 1951 सालापासून चालत आला आहे, तिथे मी जाते. 'आपल्याला उमजेल तसा देव' असं तिथे म्हणतात, त्यामुळे कोणाचीच अडचण होत नाही. बाटल्या शोधणं, त्यांच्यासाठी खोटं बोलणं मी सोडलं. रात्री "हे तुझ्या हवाली" म्हणते आणि झोपते. आई मला निष्ठुर म्हणते. पण बाबांना सुधारण्याचं काम माझं एकटीचं नाही, हे मला आता पटलं आहे, आणि मी त्यांच्याशी पुन्हा प्रेमाने बोलू शकते.

देव जाणवेनासा झालेली

माझं संकट बाहेरून दिसत नव्हतं. डिप्रेशनमध्ये सगळ्यात आधी गेला तो देवाचा सहवास. मदर तेरेसांची खाजगी पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 2007 साली प्रसिद्ध झाली. अनेक दशकं त्यांनाही देव जाणवत नव्हता, आत अंधार होता, आणि तरी त्या प्रार्थनेला बसत राहिल्या, आजाऱ्यांची सेवा करत राहिल्या. मला याचा फार मोठा आधार झाला. जाणवत नाही म्हणजे नाही, असं नव्हे. मी गोळ्या घेते, समुपदेशनाला जाते आणि रोज थोडा वेळ गप्प बसते, त्याच्यासाठी जागा राखून.

डायलिसिसवर असलेली

माझा निकाल अजून लागलेला नाही, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास मशीनवर असते. किडनीसाठी यादीत नाव आहे. पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. गजेंद्राने मगरीशी हजार वर्षं झुंज दिली आणि बळ संपल्यावर हाक मारली, अशी कथा आहे. मी बळ संपायची वाट बघत नाही. सुई टोचताना हाक मारते आणि मग सुई सहन करते, दोन्ही रोजचंच झालंय. तो ऐकतो यावर माझा विश्वास आहे; किडनी मिळेलच असं मात्र मी स्वतःला सांगत नाही.

माझ्यासारखं मधेच अडकलेलं कोणी असेल तर लिहा. मशीनवर असताना मी सगळं वाचते.