जानेवारीत मनाली, टायरचं काय करू? मदत हवी आहे

मंडळी, जानेवारीत पुण्याहून गाडी घेऊन मनाली आणि जमलं तर अटल टनेलपलीकडे सिस्सूला जायचंय. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना), टायर साधे, कात्रज घाटातल्या पावसापलीकडे त्यांनी काही बघितलेलं नाही. ७ अंशांखाली साध्या टायरचं रबर कडक होऊन ग्रिप जाते म्हणे, म्हणून विंटर टायर शोधतोय तर आमचा टायरवाला एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल-बर्फ) लिहिलेले दाखवतोय, पण त्यावर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्हच नाही, म्हणजे बर्फावर टेस्ट झालेले नाहीत ना ते? आणि चारही बदलायचे म्हणजे खिसा रिकामा, वर परत आल्यावर पुण्याच्या उन्हात झिजणार ते वेगळंच. पुढच्या दोन चाकांना बर्फात पकड देणारी चेन लावून भागेल का? भुसभुशीत बर्फाचं ठीक आहे हो, पण रात्री गोठून काचेसारखा झालेला रस्ता? तिकडे स्वतः चालवलेल्यांनी सांगा प्लीज. बायको तर म्हणतेय मनालीत टॅक्सी कर गप.