मदत हवी आहे: मांडीवरच्या खळग्यांचं काय करायचं? आणि लेकीला काय सांगायचं?

लातूरकरीण_नवी

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय नाजूक म्हणून नवा आयडी घेतलाय, समजून घ्या.

वय ३८, वजन ५७ किलो. लठ्ठ म्हणावं अशी नाही. यंदा उन्हाळ्यात लेकीला (वय ११) पोहायला घातलं आणि बायकांची वेगळी बॅच आहे म्हणून मीही नाव घातलं. (लातुरात पोहायला पाणी कुठलं, हे कृपया विचारू नका. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्यावरून पुण्याचे नातेवाईक अजून चिडवतात.)

कपडे बदलायच्या खोलीत छताला दिवा नाही, भिंतीला एकच ट्यूब. बाजूनं उजेड पडला आणि मोठ्या आरशात मांडीची मागची बाजू दिसली. खळगेच खळगे. घरच्या आरशात कमरेच्या वरचंच दिसतं, त्यामुळे हे कधीपासून आहे तेही सांगता येत नाही.

शेजारी केस पुसत असलेल्या काकू म्हणाल्या, "अगं माय, एवढ्यात चरबीच्या गाठी झाल्या का तुला?" सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मग लेकीनं विचारलं, "आई, हे काय झालंय? मला पण होणार का?" मी म्हटलं, "काही नाही, बाकावर बसून वळ उठलेत," आणि टॉवेल गुंडाळला. त्या दिवसापासून पाण्यात उतरले नाही. काठावर बसून तिची चप्पल सांभाळते.

पार्लरमध्ये मशीनच्या मसाजच्या दहा बैठका सांगितल्यात, १८ हजार रुपये, 'कायमचं जाईल' म्हणे. २ हजार ॲडव्हान्स देऊन बसलेय. रात्री मोबाईलवर शोधलं तर सेल्युलायटिस म्हणून लाल सुजलेले पाय दिसले आणि झोपच उडाली. हा आजार आहे का? चरबी आहे तर मग माझ्यासारखीला का? उरलेले १६ हजार भरू का? आणि लेकीशी खोटं बोलले, ते कसं निस्तरू?

सिस्टर_निवृत्त

बाई, आधी तो मोबाईल खाली ठेव. मी त्वचारोग विभागात वीस वर्षं नर्स होते.

तू पाहिलंस ते सेल्युलायटिस, म्हणजे जंतुसंसर्ग. टाचेच्या भेगेतून, काट्याच्या जखमेतून जंतू आत जातात. पाय लाल होतो, गरम लागतो, ठणकतो, बऱ्याचदा ताप येतो. त्याला अँटिबायोटिक लागतं, तेही लगेच. शेतात अनवाणी वावरणाऱ्या बायकांचे असे पाय मी खूप पाहिलेत. तुझं आहे ते सेल्युलाइट. नावं जुळ्या बहिणींसारखी, पण नातं काही नाही. हा आजार नाही.

आता घरातली कापसाची गादी आठव. पिंजारी तिला टाके घालतो. टाका जिथं खाली ओढलेला तिथं खळगा, दोन टाक्यांच्या मधे कापूस वर. आपल्या कातडीखाली असेच धागे असतात, कातडीला आतल्या पडद्याशी बांधणारे. बायकांमध्ये ते बरेचसे उभे, म्हणून मधली चरबी वर फुगते. पुरुषांमध्ये तिरके, एकमेकांत गुंतलेले, बाजेच्या विणीसारखे; ते चरबीला वर येऊ देत नाहीत. त्यात इस्ट्रोजेन या बायकांमधल्या हार्मोनचाही हात, म्हणून हे वयात आल्यावर सुरू होतं. वयात आलेल्या बायकांपैकी ८० ते ९० टक्क्यांना कमीअधिक असतंच, बारीक असलेल्यांनाही. म्हणजे त्या खोलीत केस पुसणाऱ्या काकूंनाही असणार, फक्त ट्यूब त्यांच्या समोर होती.

पैशाचं सांगते. मसाजनं कातडीखालचं पाणी थोडं हलतं, दोन दिवस गुळगुळीत दिसतं. कॅफिनच्या क्रीमचंही तसंच. टाका तिथंच राहतो. लायपोसक्शननं जात नाही, उलट कधी जास्त उठून दिसतं. डॉक्टर सुईनं तो धागा कापू शकतात, त्यानं काही खळगे भरतात आणि बराच काळ टिकतं. पण ते त्वचारोगतज्ज्ञाचं काम, पार्लरचं नव्हे. अमेरिकेत २०२० मध्ये हे धागे विरघळवणाऱ्या इंजेक्शनला परवानगी मिळाली होती. काळेनिळे डाग फार पडायला लागले, आणि २०२२ च्या शेवटी कंपनीनंच ते बंद केलं. 'कायमचं' म्हणणाऱ्या पार्लरवालीला हे विचार.

पोहण्यानं मांडीचे स्नायू भरले तर खळगे थोडे कमी दिसतात. एवढंच फुकटचं औषध. पाय दाबला की दुखत असतील किंवा उगाच काळेनिळे पडत असतील तर मात्र डॉक्टरला दाखव, ते वेगळं प्रकरण असू शकतं.

परभणीची_आत्या

आमच्या आईच्या मांडीला असेच खळगे होते. मळ्यातल्या विहिरीवर ती लुगडं खोचून धुणं धुवायला बसली की आम्ही पोरी त्या खळग्यांत बोटं घालायचो. ती म्हणायची, "सरका गं, गुदगुल्या होतात." बस. लाज वाटावी असं त्याला नावच नव्हतं आमच्याकडं. मी त्याच विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकले.

सिस्टर_निवृत्त

आत्या, नावाचं बरोबर बोललात. सेल्युलाइट हा शब्द फ्रेंच. १९६८ साली व्होग या फॅशनच्या मासिकात त्यावर लेख आला आणि मग अमेरिकेतल्या बायकांना कळलं की आपल्याला 'हे' झालंय. तोवर तिथंही ती नुसती मांडीच होती.

लातूरकरीण_नवी

सगळ्यांचे आभार. पार्लरला फोन केला. ॲडव्हान्स परत मिळत नाही म्हणे; त्या पैशात केस कापून घेईन, वर्षभर पुरतील.

काल रात्री लेकीला गादीवर बसवलं आणि टाका दाखवला. म्हटलं, परवा मी खोटं बोलले, ते वळ नव्हते. तिनं गादीत बोट घातलं, मग माझ्या मांडीवर (आत्या, खरंच गुदगुल्या होतात), आणि बराच वेळ विचार करून म्हणाली, "मग बाबांना बाज आणि आपल्याला गादी, हे कुणी ठरवलं?" सिस्टर, याचं उत्तर तुम्हीच द्या.

उद्या सकाळी सातची बॅच आहे. काकू असतीलच. पोहायचा चष्मा कुठं ठेवला तेवढा सापडत नाहीये.