पॅरिसचं पुस्तकाचं दुकान अन् आमचा बसस्टँड

दारव्हेकर
कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. भाऊ पॅरिसला गेले, नोत्र दामसमोरच्या 'शेक्सपिअर अँड कंपनी'त दोन तास रमले, पुस्तकांच्या मधोमध पलंग पाहिले. छान लिहिलं. पण शेवटी ठेवून दिली: "आपल्या वऱ्हाडात असं दुकान निघणारच नाही, लोकांना वाचायचंच नाही."

माझ्या बाबांचं दुकान होतं, बसस्टँडमागे, दहा बाय बारा. जूनमध्ये वह्या-गाईडं विकायची अन् त्या पैशात वर्षभर कथा-कादंबऱ्या ठेवायच्या, हा त्यांचा हिशेब. उधारी कापूस विकल्यावर मिळायची. बोंडअळी आली की तीही बुडायची. अन् गिऱ्हाईक काय म्हणे? "काका, छापील किमतीवर किती कमी?" पुढं पुढं तर मोबाईलच समोर धरायचे, हे पाहा, इथं याहून स्वस्त.

फ्रान्समध्ये १९८१ चा कायदा आहे. नव्या पुस्तकावर ५ टक्क्यांच्या वर सूट देता येत नाही. ऑक्टोबर २०२३ पासून एकूण ३५ युरोच्या आतली नवी पुस्तकं घरपोच मागवली तर किमान ३ युरो पोचवणावळ पडते. तिथली दुकानं नुसत्या वाचनप्रेमावर उभी नाहीत, भाऊ.

भटक्या_आर्णीकर
एवढं मनावर घेऊ नका हो. कायदा असेल, मी वकील नाही. मला भावलं ते वेगळंच. १९५१ पासून तिथं लिहिणाऱ्या पोरांना फुकट झोपू देतात. अट काय, तर रोज एक पुस्तक वाचा, दुकानात थोडं काम करा, पानभर स्वतःबद्दल लिहून द्या. आपल्याकडे पुस्तक नुसतं उघडलं की दुकानदार विचारतो, "घ्यायचं आहे का?"

खारपाणपट्टा
झोपाचं सोडा, आमच्याकडं उभंबी राहू देत नाहीत बावा. पन भाऊ, एक सांगा. तुमी तिथून पुस्तक कोनतं आनलं?

भटक्या_आर्णीकर
विमानात वजनाचा प्रश्न होता. त्यांची कापडी पिशवी घेतली.

खारपाणपट्टा
झालं मंग. वऱ्हाडी मानूस वाचत नाही हे सिद्ध झालं.

मेहकरच्या_बाई
तालुक्यात पुस्तकं खपत नाहीत हे कोणी ठरवलं? आमच्या शाळेसमोरच्या दुकानात पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीचे ठोकळे छतापर्यंत लागलेत. पहाटे पाचला अभ्यासिकेत जागा मिळत नाही.

दारव्हेकर
बाई, ठोकळा म्हणजे पुस्तक नव्हे. परीक्षा झाली की रद्दीत.

चौथा_अटेम्प्ट
काहून नव्हे? माझ्या आईनं सोयाबीनच्या पैशातून दोन हजारांचे ठोकळे घेऊन दिले. घटनेचं कलम अन् कलम मी त्याच्यातूनच शिकलो. घरी ग्रामपंचायतीचा कागद आला की आधी माझ्याकडंच येते. तुमच्या कादंबरीवाल्यांनी कधी अभ्यासिकेत पाय ठेवला का?

मेहकरच्या_बाई
बरोबर बोलला. आणि फी? २०२३ च्या तलाठी भरतीला खुल्या गटाला हजार, राखीवला नऊशे. पाच अर्ज भरले की घरचा महिन्याचा किराणा गेला.

चौथा_अटेम्प्ट
अन् सेंटर दीडशे किलोमीटरवर. एसटीचं भाडं, लॉजचा खर्च वेगळाच. मी तर स्टँडवरच झोपलो. तिथं कोनी पानभर लिहून मागितलं नाही.

भटक्या_आर्णीकर
विषय दुकानाचा होता...

चौथा_अटेम्प्ट
दुकानाचाच चालू आहे सर. गिऱ्हाईक कुठं गेलं ते सांगून रायलो.

खारपाणपट्टा
दारव्हेकर गप काहून बसले?

दारव्हेकर
गप नाही, वीज गेली होती. बरं, म्हणा पुस्तक. मघा एक सांगितलं नाही. शेवटची दोन वर्षं बाबांचं दुकान ठोकळ्यांनीच तारलं. कादंबऱ्यांवरची धूळ ते रोज फडक्यानं पुसायचे अन् गल्ल्यात पैसे पडायचे ते भरतीच्या पोरांचे. एक पोरगी रोज दुपारी येऊन उभ्यानं चालू घडामोडी वाचायची. बाबांनी तिला स्टूल दिलं होतं. म्हणजे पॅरिसवाल्यांचं थोडंफार आमच्याकडंही होतं म्हणायचं.

भटक्या_आर्णीकर
हे पहिल्याच पोस्टीत लिहिलं असतं तर एवढं भांडण झालं नसतं. दुकान आहे का अजून? दिवाळीला येतो आहे.

दारव्हेकर
तिथं आता मोबाईलचे कव्हर विकतात. कपाटं घरी आणली, खालच्या खणात तुरीची डाळ ठेवतो, वर बाबांची पुस्तकं. या तुम्ही. ती पिशवी घेऊन या, डाळ भरून देतो.