एसएससी सीजीएल इंग्रजी: वाक्यातली चूक कानाने शोधायची की नियमाने?

खडूफळा:
सीजीएल म्हणजे कर्मचारी निवड आयोगाची (एसएससी) पदवीधरांसाठीची सरकारी नोकरभरती परीक्षा. तिच्या टियर 1 मध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, इंग्रजीचे 25 प्रश्न असतात. प्रत्येकी 2 गुण, चुकीला अर्धा गुण वजा. पूर्ण पेपर 100 प्रश्नांचा आणि वेळ 60 मिनिटं, त्यामुळे इंग्रजीला 12-14 मिनिटांच्या वर देणं परवडत नाही. 'चूक ओळखा' आणि 'वाक्य सुधारा' हे प्रश्न प्रत्येकी 20-25 सेकंदांत हातावेगळे व्हायला हवेत. त्यासाठी सगळीकडून एकच सल्ला मिळतो: वाक्य मनात वाचा, खटकेल तिथे चूक. मराठीत वाढलेल्या मुलांसाठी हा सल्ला नुकसानकारक आहे, असं माझं ठाम मत आहे. आपल्या कानाला जे खटकतं ते बऱ्याचदा मराठीच्या मापाने खटकतं, आणि पेपर काढणारा नेमका तिथेच सापळा लावतो.

"वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम" यात कानाला काहीच वावगं वाटत नाही, कारण आपण "प्रश्नाबद्दल" चर्चा करतो. इंग्रजीत डिस्कसला थेट कर्म लागतं, अबाउट उडवायचा. "मॅरीड विथ" बरोबर वाटतं कारण लग्न कोणा"शी" होतं. हवं "मॅरीड टू". "सीनियर दॅन मी" मागे "माझ्यापेक्षा" उभं असतं. हवं "सीनियर टू". "ही इज लिव्हिंग हिअर सिन्स 2015" हे "तो 2015 पासून इथे राहतो" याचं सरळ रूप आहे. मराठीला तिथे साधा वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला "हॅज बीन लिव्हिंग" लागतं. "अन्टिल ही डज नॉट कम" मध्ये "तो येत नाही तोपर्यंत"मधला "नाही" शिरलेला असतो, तर "दो"च्या (though) जोडीला येणारा "बट" आपल्या जरी-तरीतून येतो. केस अनेक म्हणून "हेअर्स", कात्री एक म्हणून "द सिझर्स इज" अशाही चुका होतात.

सगळ्यात फसवं वाक्य हे: "वॉकिंग अलाँग द रोड, अ स्नेक बिट हिम." मराठीत "रस्त्याने चालताना त्याला साप चावला" हे अगदी शुद्ध आहे, चालणारा आणि चावणारा वेगळे असले तरी "-ताना"चं काही बिघडत नाही. इंग्रजीत मात्र स्वल्पविरामानंतर येणारा कर्ताच चालणारा ठरतो, म्हणजे इथे साप. दुरुस्ती: "व्हाइल ही वॉज वॉकिंग अलाँग द रोड, अ स्नेक बिट हिम."

म्हणून ठरावीक क्रमाने तपासा. आधी मुख्य क्रियापद शोधा, मग त्याचा कर्ता. मधलं ऑफ, विथ, अलाँग विथ, अ‍ॅज वेल अ‍ॅज यांनी सुरू होणारं सगळं बोटाने झाका आणि वचन जुळतं का पाहा. मग काळ: यस्टर्डे, सिन्स, ऑलरेडी, बाय द टाइम यांपैकी काही आहे का. मग जोड्या: नो सूनरला दॅन, हार्डलीला व्हेन, नॉट ओन्लीला बट ऑल्सो. शब्दयोगी अव्यय आणि आर्टिकल शेवटी.

वाचनघर:
पूर्ण असहमत. या क्रमाने गेलात तर 20 सेकंद कर्ता झाकण्यातच जातील. आणि नियम डोक्यात भरून बसलेल्या मुलांचं खरं नुकसान होतं ते "नो एरर"मध्ये. तीन तुकडे आणि चौथा पर्याय "नो एरर" असा साचा असला की त्यांना शुद्ध वाक्यातही चूक दिसते. "द पोलीस हॅव अरेस्टेड द थीफ" शुद्ध आहे, तरी "पोलीस एकच" म्हणून हॅववर खूण करतात. "आय सजेस्टेड दॅट ही गो" शुद्ध आहे, तरी "ही" दिसला की "गोज" करायला धावतात, कारण तृतीय पुरुष एकवचनाचा नियम पाठ असतो आणि सजेस्टनंतरचं मूळ रूप कधी वाचनात आलेलं नसतं.

दुसरं म्हणजे मराठीला उगाच दोष देऊ नका. "इफ इट विल रेन" ही चूक मराठीतून येत नाही. आपण "पाऊस आला तर" म्हणतो, तिथे भविष्यकाळ नाहीच. "वन ऑफ माय फ्रेंड"चंही तसंच. मनात "माझ्या मित्रांपैकी एक" म्हणा, "फ्रेंड्स" आपोआप येतं. चूक घडते ती कानावर वर्षानुवर्षं अशुद्ध इंग्रजी पडल्यामुळे, आणि त्यावर उपाय शुद्ध इंग्रजी हाच. रोज अर्धा तास चांगला मजकूर मोठ्याने वाचायचा. प्रश्न चुकला की वहीत नियम उतरवू नका, पूर्ण शुद्ध वाक्य उतरवा आणि तीन वेळा म्हणा. "कोप विथ", "अव्हेल वनसेल्फ ऑफ", "लुक फॉरवर्ड टू सीइंग" यांना कोणता नियम लावणार? हे शब्द एकमेकांसोबत राहतात म्हणून राहतात.

खडूफळा:
पोलीस आणि सजेस्ट हे नियमच आहेत हो, फक्त अर्धवट शिकलेले. वाचनाला माझा विरोध नाही. पण कर्ता-क्रियापदाच्या बाबतीत कान हमखास फसतो आणि त्याचं कारण वाक्यरचनेत आहे. "या बाजारात विकल्या जाणाऱ्या आंब्यांची प्रत खराब आहे" यात सगळी विशेषणं आधी येऊन गेली, त्यामुळे "प्रत" आणि "आहे" जवळजवळ बसले. इंग्रजीत तीच विशेषणं नामाच्या मागे लागतात: "द क्वालिटी ऑफ द मँगोज सोल्ड इन दीज मार्केट्स आर पुअर." क्रियापदाला खेटून "मार्केट्स" बसलंय, म्हणून कान "आर" मान्य करतो. कर्ता इतका लांब ठेवून वाक्य पेलायची मराठी कानाला सवय नसते. बोटाने झाकलं की "द क्वालिटी... आर" उघडं पडतं, आणि सराव झाला की याला 5 सेकंदही लागत नाहीत.

पर्यायशोध:
तुम्ही दोघंही 'चूक ओळखा' आणि 'वाक्य सुधारा' एकाच मापाने मोजताय. दुसऱ्या प्रकारात अधोरेखित भाग आणि त्याच्या बदल्यात पर्याय दिलेले असतात. तिथे ना कान आधी, ना तपासणीचा क्रम आधी. तिथे आधी पर्याय एकमेकांशी ताडून पाहायचे. दोन पर्यायांत फक्त हॅज-हॅवचा फरक असेल तर प्रश्न कर्त्याचा आहे, काळ तपासत बसू नका. फरक टू-फॉर-विथचा असेल तर फक्त क्रियापद आणि त्याचं अव्यय पाहा. "हॅड गॉन", "हॅज गॉन", "वेंट" असे असतील तर वाक्यात कालदर्शक शब्द शोधा. यस्टर्डे किंवा लास्ट इयर सापडला की हॅज गेला. परीक्षक नेमकं काय तपासतोय हे पर्यायच सांगतात.

एक धोका मात्र आहे. निवडलेला पर्याय मूळ जागी ठेवून वाक्य शेवटपर्यंत वाचा. पर्यायात "दॅट" असतो आणि अधोरेखित भागाच्या लगेच पुढेही "दॅट" असतो, अशी दुहेरी जोडणी घाईत सुटते. "डिस्कस" शुद्ध निवडलं तरी पुढे "अबाउट" अधोरेखिताबाहेर उरलेला असेल, तर ते उत्तर नाही. त्या जागी "टॉक" बसतं का पाहा.

ऋणगुण:
कान की नियम या वादात वजा गुणांचा हिशोब कोणी मांडला नाही. टियर 1 मध्ये चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तर सरासरी 0.25 गुणिले 2, वजा 0.75 गुणिले 0.5, म्हणजे प्रश्नामागे 0.125 गुण फायदा. टियर 2 च्या इंग्रजीत 45 प्रश्न, प्रत्येकी 3 गुण आणि चुकीला 1 वजा. तिथे हीच सरासरी शून्य येते. एक पर्याय खात्रीने कटला की दोन्हीकडे साधारण 0.33. दोन कटले की टियर 1 मध्ये 0.75 आणि टियर 2 मध्ये पूर्ण 1.

याचा अर्थ नियमाने उत्तर सापडलंच पाहिजे असं नाही, नियमाने दोन पर्याय कापले गेले तरी काम झालं. उरलेल्या दोनांत कानाला वापरा. उलटा क्रम महागात पडतो: कानाने आधी एक आवडता पर्याय धरला की नंतरचा नियम त्याचं समर्थन शोधण्यातच वापरला जातो.

उत्तरतालिका:
वाचनघर, रोज मोठ्याने वाचायचा तो "चांगला मजकूर" आणायचा कुठून? आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतही "कम्प्राइजेस ऑफ" आणि "कोप अप विथ" सहज सापडतात. बाहेरचं आधुनिक इंग्रजी वाचलं तर आणखी वेगळी अडचण. "द रीझन इज बिकॉज" किंवा "लेस पीपल" तिथे सर्रास चालतं, आणि आपल्या परीक्षेत हमखास चूक धरलं जातं. परीक्षेचं इंग्रजी जुन्या शालेय व्याकरणाचं आहे. तिथे "लेस्ट"ला "शुड" लागतं आणि "अ‍ॅज इफ"नंतर "वेअर" येतं. कान तयार करायचाच असेल तर आयोगाच्या मागच्या प्रश्नपत्रिकांवर करा, कारण उत्तर शेवटी त्यांच्या उत्तरतालिकेशी जुळायचं आहे. तात्पुरत्या तालिकेवर शुल्क भरून आक्षेप घेता येतो, पण "वर्तमानपत्रात असं छापतात" हा आधार तिथे टिकत नाही.

वाचनघर:
वर्तमानपत्रांबद्दलचं म्हणणं मान्य. मग प्रश्नपत्रिकांमधली शुद्ध केलेली वाक्यंच मोठ्याने वाचा, माझा मुद्दा तसाच राहतो. पण ऋणगुण यांचा क्रम मला पटत नाही. "ही इज गुड इन मॅथेमॅटिक्स" यात कर्ता ठीक, काळ ठीक, जोडी नाही. नियमाने एकही तुकडा कटत नाही आणि "नो एरर"ची मोठी ओढ लागते. "गुड अ‍ॅट" शंभर वेळा म्हटलेल्याला मात्र "इन" टोचतो. शब्दसंगतीच्या, म्हणजे कोणत्या शब्दासोबत कोणता शब्द येतो याच्या प्रश्नांत कान आधीच चालला पाहिजे.

खडूफळा:
तुम्हाला "इन" टोचतो. "तो गणितात हुशार आहे" या वाक्यावर वाढलेल्याला तो टोचत नाही, आणि माझा सगळा आक्षेप एवढाच आहे. म्हणून माझ्या यादीत गुड-अ‍ॅट, मॅरीड-टू, सीनियर-टू, अक्यूज्ड-ऑफ अशा 60-70 जोड्या वेगळ्या पाठ करायला ठेवलेल्या असतात आणि प्रत्येकीसमोर तिला फसवणारा मराठी प्रत्यय लिहिलेला असतो: -त, -शी, -पेक्षा, -बद्दल.

वादाचा निकाल मोजून लावता येईल. मागच्या प्रश्नपत्रिकांतले 300 प्रश्न घ्या, 'चूक ओळखा'चे 200 आणि 'वाक्य सुधारा'चे 100. प्रत्येकाचं आधी फक्त कानाने 10 सेकंदांत उत्तर लिहा, मग क्रमाने तपासून शेजारी दुसरं. तालिका पाहून दोन रकाने करा: कानाने बरोबर पण नियमाने चूक, आणि उलट. शब्दसंगतीचे प्रश्न वेगळ्या रंगात. वाचनघर, तुमच्या विद्यार्थ्यांचे आकडे इथे टाका, मी माझ्यांचे टाकतो.