संशोधनातले वाद वाचायला सुरुवात कुठून करू?

रानवाट
समोरचा खाऊ न खाता थांबणारी मुलं पुढे अभ्यासात सरस ठरतात, हा मार्शमॅलोचा प्रयोग मी कितीतरी जणांना सांगितलाय, माझ्या मुलीलासुद्धा. मग कळलं की २०१८ मध्ये तो ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवर पडताळला गेला, आणि घरची परिस्थिती व मुलाची आधीची समज हिशेबात घेतल्यावर तो संबंध फारच क्षीण उरला. मुलीला काय सांगू, कळेना. असा एखादा वाद सुचवा ना, जो मला स्वतः तपासता येईल. गणित बारावीपर्यंतचं आहे.

पाटीपेन्सिल
'हॉट हँड' घ्या, डोळे झाकून. १९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की यांनी बास्केटबॉलच्या नोंदी तपासून म्हटलं की लागोपाठ नेम लागणाऱ्याचा 'हात बसलाय' असं वाटणं हा भास आहे. पुढची तीस वर्षं हेच शिकवलं गेलं. मग मिलर आणि सान्हुर्हो यांनी मोजण्याच्या रीतीतच खोट दाखवली.

कागद घ्या. नाणं तीनदा उडवलं तर ८ शक्यता. प्रत्येकीत पाहा, छाप्याच्या लगेच पुढच्या फेकींपैकी किती छापे? दोन शक्यतांत छाप्यापुढे फेकच नाही, त्या सोडा. उरलेल्या सहांची प्रमाणं १, १/२, ०, ०, १, ०. सरासरी ५/१२. निम्म्याहून कमी! मी तीनदा मोजलं, तरी पटेना. म्हणजे एरवी निम्मे नेम लागणारा खेळाडू नेम लागल्यावरही निम्म्यावरच दिसला, तर त्याचा हात बसल्याचाच तो पुरावा, कारण निव्वळ योगायोगात आकडा त्याखाली यायला हवा.

उंबरठा
त्यानंतर किमान वेतनाचा वाद वाचा. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीत ते ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर झालं. कार्ड आणि क्रूगर यांनी तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या फास्ट फूडच्या दुकानांची तुलना केली. रोजगार घटलेला दिसला नाही. न्यूमार्क आणि वॉशर यांनी पगारपत्रकं काढून उलटा निष्कर्ष मांडला. २००० मध्ये कार्ड-क्रूगर सरकारी नोंदी घेऊन परत आले. तिन्ही लेख ओळीने वाचा. अर्धं भांडण फोनवर विचारलेली माहिती धरायची की पगारपत्रक, यावरच आहे, आणि मला तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

आणि रानवाट, सगळंच खोटं असं मात्र धरून चालू नका. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत लक्षणीय निष्कर्ष मिळाला, हे खरं. पण 'लाल' हा शब्द निळ्या शाईत लिहून शाईचा रंग विचारा. माणूस अडखळतोच, कुणीही करून पाहावं.

रानवाट
मुलीला घेऊन बसले. तिनेच ५/१२ काढलं! आता विचारतेय, चारदा उडवलं तर?

पाटीपेन्सिल
आणखी खाली जातं, १७/४२. तिला उत्तर सांगू नका, १४ ओळी मांडू द्या.