‘सिंग्युलर कर्नेल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सीमा-समाकल समीकरणं (ज्यांत अज्ञात फलन काठावरच्या समाकलात, म्हणजे इंटिग्रलमध्ये असतं) संगणकावर कशी सोडवतात, यावर टिपण लिहितेय. ‘कर्नेल’ला, म्हणजे समाकलातल्या दोन बिंदूंवर अवलंबून असलेल्या ठरावीक फलनाला, गाभा लिहिलं. गणितज्ञ हिल्बर्टने १९०४ मध्ये ‘केर्न’ हा जर्मन शब्द वापरला, त्याचाही अर्थ तोच. तिथे मन निश्चिंत आहे. अडलंय ‘सिंग्युलर’पाशी. ‘विचित्र’ लिहून पाहिलं, पण गाभ्यातच खोट आहे असं वाटतं.

– ‘अनंतगामी’ घ्या. दोन बिंदूंमधल्या अंतराचा लॉग घेतला आणि बिंदू जवळ आणत गेलं, की किंमत उणे अनंताकडे जाते. शब्द चित्र उभं करतो.

– किंमत जाते, क्षेत्रफळ नाही. लॉगचं ० ते १ समाकल चक्क −१ भरतं! ‘अनंतगामी’ वाचून विद्यार्थी धरून चालेल की उत्तरच अनंत येणार. खरी अडचण छोट्या जागेत आहे. नायस्ट्रमच्या १९३० च्या पद्धतीत समाकलाऐवजी ठरावीक बिंदूंवरच्या किमतींची भारित बेरीज घेतात आणि त्याच बिंदूंवर समीकरण मांडतात. त्यातून बनणाऱ्या मॅट्रिक्सच्या कर्णावरच्या घरात दोन्ही बिंदू एकच, अंतर शून्य. शून्याचा लॉग कुठून आणणार? बाकी सगळी घरं सुरळीत भरतात.

– लाप्लास समीकरणाचा दुहेरी थराचा गाभा (डबल-लेयर कर्नेल, म्हणजे लॉगचा काठाला लंब दिशेतला बदल-दर) घ्या. सूत्रात तोही अंतराने भागलेला. पण प्रतलातल्या गुळगुळीत वक्रावर बिंदू जवळ आणत गेलं, की त्याला कर्णावर नेमकी किंमत मिळते, ती वक्रतेवरून ठरते. वर्तुळावर तर तो सगळीकडे सारखाच : १ भागिले (४ × पाय × त्रिज्या). यात अनंत कुठेच नाही. तरी सूत्रात थेट एकच बिंदू घातला की शून्य भागिले शून्य! दोन्हींकडे समान गोष्ट एवढीच, की त्या बिंदूवर सूत्र चालत नाही, तिथली सोय वेगळी करावी लागते. म्हणून मी ‘अपवादबिंदू’ म्हणेन, आणि गाभा ‘सापवाद’.

– वाक्यात घालून पाहिलं : “लॉगचा गाभा क्षीण-सापवाद आहे, कर्णाजवळ वेगळे भार घ्यावे लागतात.” अडखळत नाही! ‘क्षीण’ मुळे ‘वीकली सिंग्युलर’मधलं ‘वीकली’ही (किंमत अनंताकडे, पण क्षेत्रफळ सांत) आलं. मग ‘हायपरसिंग्युलर’? अतिसापवाद?

– चालेल, पण तिथे एक ओळ जास्त लिहा. वक्रावर तो गाभा अंतराच्या वर्गाने भागलेला असतो. साधं क्षेत्रफळ खरोखरच अनंत होतं आणि हादामारचा सांत भाग, म्हणजे अनंत होणारा भाग वगळून उरणारी किंमत, घ्यावा लागतो. वरचा ‘अनंतगामी’ तिथे अगदी चपखल बसतो, तो टाकून देऊ नका.